रि: नवा मराठी हिप-हॉप अल्बम – लेखणी तगडी, मिक्स ढिसाळ?

प्रेषक: वि. जो.

मंडळी,

नव्या अल्बमवर आपल्या ईमेल यादीवर नुसतं ‘नाद खुळा’ आणि ‘बेक्कार’ चाललंय. कुठलं गाणं, कुठला सेकंद, काय खटकलं, हे कोणी सांगेल का? मी सुरुवात करतो.

दुसरं गाणं. ८०८चा बेस (ड्रम मशीनचा खोल, लांब घुमणारा आवाज) आणि किक (मोठ्या ड्रमचा ठोका) एकमेकांच्या अंगावर बसलेत. दोघांचा जोर ५० हर्ट्झच्या आसपास, दोघं एकाच क्षणी सुरू होतात, आणि ठोक्याच्या जागी नुसतं ‘भुम्म’ उरतं. यावर उपाय काही नवे नाहीत. किक वाजली की बेस ५० ते १०० मिलिसेकंद खाली दाबायचा, म्हणजे साइडचेन. नाहीतर जागा वाटून द्यायची: किकचा जोर ७०-८०ला, बेस त्याखाली. तेही नको असेल तर किकची शेपटी आखूड कापायची आणि तिला नुसती ‘टक्’ ठेवायची. इथे यातलं काहीच झालेलं नाही. वर मास्टर इतका दाबलाय (शेवटच्या तयार प्रतीतले चढउतार सपाट करून आवाज मोठा केलाय) की स्नेअरचं (कडक ‘टॅक्’ वाजणाऱ्या ड्रमचं) टोक बोथट झालंय.

शब्द उत्तम आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ते ऐकू तर आले पाहिजेत.

वि. जो.

---

प्रेषक: मृ. क.

> वर मास्टर इतका दाबलाय

दादा, आवाजाची पातळी जुळवून ऐकलंत का? नसेल तर ही तुलना फोल आहे. जो जोरात वाजतो तो कानाला आधी बरा वाटतो आणि थोड्या वेळाने थकवतो. स्पॉटिफाय डीफॉल्टला सगळं उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आसपास आणतं, यालाच नॉर्मलायझेशन म्हणतात. मास्टर उणे ७चा असेल तर तो सात डेसिबलने खाली येतो, आणि मग दाबून मिळवलेला मोठेपणा जातो, दाबलेपण तेवढं राहतं. म्हणून एकदा नॉर्मलायझेशन चालू ठेवून ऐका, एकदा बंद करून. बंद असताना आवाज हाताने तेवढाच खाली घ्या. दोन्ही वेळा स्नेअर बोथट वाटला तर दोष मास्टरचा.

दुसरं, ऐकलंत कशावर? फोनच्या स्पीकरमधून १५० हर्ट्झखालचं जवळजवळ काही बाहेर पडत नाही. ५५ हर्ट्झचा बेस तिथे ऐकू येतो तो त्याच्या १६५, २२० आणि त्यावरच्या पटींमुळे, आणि त्या पटी वाढवण्यासाठीच निर्माते बेसवर सॅच्युरेशन (मुद्दाम घातलेला हलका फाटकेपणा) चढवतात. फोनवर जे गढूळ वाटतं ते बऱ्याचदा हेच सॅच्युरेशन असतं. मोठ्या हेडफोनवर तोच बेस सुटा, गोल लागतो. इक्वलायझर आणि ‘बेस बूस्ट’ आधी बंद करा, मग बोलू.

मृ. क.

---

प्रेषक: यादी व्यवस्था

उत्तर देताना खालचा आधीचा मजकूर कापा, लागेल तेवढीच ओळ ठेवा. गाण्याची फाइल कोणीही जोडू नये, दुवा पुरे. भांडण चालू द्या.

---

प्रेषक: श्री. दा.

सर्वांस,

बेस, किक ठीक. पण लेखणी उत्तम, हे कशावरून? तिसऱ्या गाण्यात ओळीमागून ओळ ‘आलो, गेलो, झालो, मेलो’ अशी संपते. याला यमक म्हणायचं तर क्रियापदं चालवायची तालिकाही कविताच झाली. पोवाड्यात शाहीर एवढ्यावर सुटला नसता.

श्री. दा.

---

प्रेषक: अ. वि.

काका, तिसऱ्या गाण्याबद्दल तुमचं बरोबर. बाकीच्या अल्बमबद्दल नाही.

मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. त्यामुळे ओळ साध्या क्रमाने लिहिली की शेवटी ‘-लो’, ‘-तो’, ‘आहे’ आपोआप येतं आणि यमक फुकटात मिळतं. ते व्याकरणाने दिलेलं असतं, कवीने नाही. यातून सुटायच्या वाटा दोन. एक, शब्दक्रम फिरवून ओळ नामावर किंवा अव्ययावर संपवायची. दोन, शेवटचा प्रत्यय सारखा राहू द्यायचा, पण यमकाचं वजन त्याच्या आधीच्या तीन-चार अक्षरांवर टाकायचं. अल्बमात दुसरी वाट जास्त आहे. त्यातल्या ओळी इथे उतरवत नाही, नमुन्यापुरती जुळवलेली ही जोडी पाहा:

भिंतीवरच्या चुना-रंगाला
किंमत विचार पुन्हा दंग्याला

‘-ला’ दोन्हीकडे आहे, तो मोजू नका. त्याआधी ‘चु-ना-रं-गा’ला ‘पु-न्हा-दं-ग्या’ उत्तर देतं: उ, आ, अं, आ. व्यंजनं बदलली तरी स्वरांचा क्रम तोच. ओळीच्या सुरुवातीला ‘भिं’ आणि ‘किं’ आहेत, ते बोनस.

आता मोजणी. कागदावर पहिल्या ओळीत १० अक्षरं, दुसरीत ११. तोंडाने म्हणा: भिं-ती-वर-च्या-चु-ना-रं-गा-ला, नऊ. किं-मत-वि-चार-पु-न्हा-दं-ग्या-ला, हीसुद्धा नऊ. ‘वर’, ‘मत’, ‘चार’ यांतला शेवटचा ‘अ’ आपण उच्चारतच नाही. म्हणून रॅप लिहिताना वहीतली अक्षरं मोजणारा हमखास चुकतो. टाळी देत म्हणून पाहायचं, दुसरा उपाय नाही.

गतीचंही तेच. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा. त्यात सोळा घरं, म्हणजे सेकंदाला सहा. नऊ उच्चार त्यात ऐसपैस बसतात आणि श्वासाला जागा उरते. पाचव्या गाण्यात गती १४० आहे आणि तो तिस्र जातीत शिरतो, ठोक्याला तीन: बारमध्ये बारा, सेकंदाला सात. सात हा आकडा मोठा नाही, पण मराठीतली जोडाक्षरं तिथे आडवी येतात. ‘अस्वस्थ’, ‘रस्त्यांवर’ असे शब्द त्या वेगात सलग आले की ‘स्थ’ आणि ‘स्त्य’ गिळले जातात. त्याने दुसऱ्या कडव्यात जोडाक्षरं ठोक्यावर ठेवलीत, म्हणून ती सुटी ऐकू येतात. पहिल्या कडव्यात ती दोन ठोक्यांच्या मधे पडलीत, म्हणून तिथे लडबड. वि. जो. दादा, तुम्हाला ‘शब्द ऐकू येत नाहीत’ असं वाटलं त्यातला काही भाग मिक्सचा नसून याचा असेल.

आणि काका, पोवाड्याचा विषय काढलातच तर सहाव्या गाण्यातले मागचे आवाज ऐका. शाहिराची ओळ संपते तिथे झीलकरी ‘जी जी रं’ने जागा भरतात आणि तेवढ्यात शाहीर दम घेतो. अॅडलिब (रॅपच्या ओळीमागून येणारे छोटे उद्गार) अगदी हेच काम करतात. इथे ते डावी-उजवीकडे लांब फेकलेत आणि मुख्य आवाज मधोमध कोरडा ठेवलाय. मिक्स करणाऱ्याला सगळंच कळत नाही असं नाही.

अ. वि.

---

प्रेषक: श्री. दा.

झीलकरी मान्य. तिसरं गाणं अमान्यच.

---

प्रेषक: नि. पा.

नवव्या गाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. ती पेटीची लूप (पुन्हापुन्हा फिरणारा तुकडा) जुन्या रेकॉर्डमधून उचललेली वाटते, पण माझ्या मते ती नव्याने वाजवलेली आहे. खरं सॅम्पल, म्हणजे जुन्या मुद्रणातला तुकडा, कापलं की सुरासोबत मागचं सगळंच येतं: झांजेची शेपटी, खोलीचा घुमार, कोणाचा तरी अर्धा श्वास. काप जिथे पडतो तिथे ती शेपटी चटकन तुटते, आणि त्या तुटण्यालाच एक ठेका असतो. इथे पेटी पूर्ण सुटी आहे, मागे काहीच तुटत नाही. वर रेकॉर्डची खरखर टाकलीय, पण ती लूपसोबत फिरत नाही, सलग चालू राहते. खरखर सॅम्पलमधली असती तर लूप फिरली की तीच टिकटिक त्याच जागी परत आली असती.

याला कमअस्सल म्हणू नका. सॅम्पलला दोन परवानग्या लागतात, रचनेची आणि ध्वनिमुद्रणाची. स्वतः वाजवलं की दुसरी लागत नाही. अमेरिकेत १९९१च्या एका निकालानंतर विनापरवाना सॅम्पल वापरणं महाग पडू लागलं, तेव्हापासून ही वाट मळलेली आहे.

जुना खरबरीतपणा हवा असेल तर तो खरखरीने येत नाही. १९८७च्या एसपी-१२०० या सॅम्पल भरून वाजवायच्या यंत्रात एकूण दहा सेकंदांचीच जागा होती, १२ बिट, २६.०४ किलोहर्ट्झ. जागा वाचवायला लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५वर फिरवून भरायचे आणि यंत्रात सूर पाचेक अर्धस्वरांनी खाली ओढायचे. त्या ओढण्यात वरच्या पट्टीत जी धातूसारखी किरकिर मिसळते तीच ती ‘जुनी’ चव. संगणकावर करायचं तर आधी सूर वर नेऊन सॅम्पल-दर पाडा, मग खाली ओढा. क्रम उलटा केलात तर आवाज नुसता मंद होतो.

नि. पा.

---

प्रेषक: वि. जो.

मृ. ताई, पातळी जुळवून, इक्वलायझर बंद ठेवून, वायरच्या हेडफोनवर ऐकलं. स्नेअर दोन्ही वेळा बोथट. तो मुद्दा माझा.

बेसचं वेगळंच निघालं. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असतं, ते चालू करून दुसरं गाणं लावा. बेस निम्मा गायब होतो. म्हणजे ८०८ रुंद करायला कोणीतरी स्टीरिओ वायडनर लावलाय. डावी-उजवी बाजू एकमेकींच्या उलट्या चालतात आणि एकत्र आल्या की एकमेकींना खातात. १०० हर्ट्झखालचं सगळं मधोमध ठेवायचं हा पहिला धडा, तोच इथे मोडलाय. एकाच मोठ्या स्पीकरवर किंवा हॉलच्या मोनो साउंडवर हे गाणं पोकळच वाजणार.

अ. वि. यांचं जोडाक्षरांचं पाचव्या गाण्यापुरतं पटलं. दुसरं गाणं ९०च्या खाली आहे, तिथे ते लागू नाही.

वि. जो.

---

प्रेषक: मृ. क.

मोनोचं खरं आहे, आत्ता तपासलं. पण हा दोष दुसऱ्या आणि अकराव्या गाण्यातच आहे, बाकी बारा गाण्यांत बेस जागचा हलत नाही. दोन गाण्यांसाठी अख्ख्या मिक्सला ‘ढिसाळ’ म्हणणं मला मान्य नाही.

माझी खरी तक्रार क्रमाची आहे. सात ते दहा, चारही गाणी एकाच गतीची, चारही हुकने (लक्षात राहणाऱ्या धृपदाने) उघडणारी, चारही सव्वादोन मिनिटांच्या आतली. स्पॉटिफायवर ३० सेकंद झाले की ऐकणं मोजलं जातं, म्हणून सगळ्यांनाच हुक पुढे आणायची घाई. एकेकटं ऐकलं तर चालतं, सलग ऐकलं की तीच पायरी चार वेळा चढल्यासारखं होतं. आठवं तेराव्याच्या जागी टाका आणि सहाव्यानंतर थेट नववं लावून पाहा. प्लेलिस्टचा दुवा खाली देते.

मृ. क.

---

प्रेषक: श्री. दा.

तिसरं त्या प्लेलिस्टमधून काढलंत तर ऐकतो.