तातडीने मदत हवी: हेडचा बोल्ट तुटला, त्यात ईझी-आउटही तुटला

सत्तरीकर_शेत
टिलरच्या इंजिनचं हेड (वरचं झाकण) बसवताना बोल्ट तुटला. काढायला ईझी-आउट (तुटका बोल्ट फिरवून काढायचा उलट्या आट्यांचा पेच) घातला तर तोसुद्धा आत तुटला. त्यावर ड्रिल लावला तर नुसता घसरतो, तीन बिट फुकट गेले. भाताचा तरवा टाकून १२ दिवस झालेत. सांजांव (२४ जूनचा सण) झाला की लगेच चिखलणी करायची आहे. कोणाकडे उपाय आहे? "मेकॅनिककडे जा" एवढं सांगू नका, हे सगळं त्याच्यापासूनच सुरू झालंय.

फिटर_म्हापसा
बोल्ट की स्टड (डोकं नसलेला, ब्लॉकमध्ये बसवलेला आट्यांचा दांडा)? किती एमएम? ब्लॉकच्या वर काही शिल्लक आहे की तोंडाशी सपाट? तुटला तो घट्ट करताना की सोडवताना? फोटो टाक.

सत्तरीकर_शेत
बसवताना तुटला असं वर लिहिलंय. १२ एचपीचा टिलर. फोटो चढत नाही, आमच्या वाड्यावर रेंज आंब्याच्या झाडाखालीच येते आणि तिथे आता पाऊस आहे.

डिचोलीकर_अण्णा
घट्ट करताना तुटला असेल तर काळजी सोड. ताण गेला की आतला तुकडा सैल असतो. टोकदार पंच कडेला धर आणि उलट दिशेने हलके हलके ठोक, फिरत बाहेर येईल. मी पंपाचे दोन बोल्ट असेच काढलेत.

फिटर_म्हापसा
अण्णा, बोल्ट असता तर तुमचं बरोबर होतं. पण या इंजिनांना बहुतेक स्टड असतात आणि वरून नट. घट्ट करताना फिरतो तो नट. स्टडचं खालचं टोक इंजिन बांधलं तेव्हापासून ब्लॉकमध्ये हललेलं नाही, गंजून बसलंय. शिवाय ईझी-आउट निमुळता. जेवढा जोर लावाल तेवढा तो तुकड्याला आतून फुगवतो आणि तुकडा आणखी आवळतो. म्हणूनच तुटला असणार. आणि तो कडक पोलादाचा, साधा ड्रिल त्याला ओरखडाही काढत नाही.

कोल्हापुरी_ट्रॅक्टर
भावा, एवढा विचार कशाला? गॅस घे, ब्लॉक लाल कर, पाना लाव. आमच्याकडे ऊसवाले सगळे हेच करतात.

फिटर_म्हापसा
बिडाचा ब्लॉक एका जागी लाल करा आणि वर पाणी ओता, तडा गेल्याचा आवाज कोल्हापूरपर्यंत ऐकू येईल.

कोल्हापुरी_ट्रॅक्टर
पाणी ओत म्हटलं का मी?

फोंड्याची_कुळागरवाली
तुमचं भांडण चालू दे. सत्तरीकर भाऊ, वेल्डिंग करणार असाल तर माझं ऐका. गेल्या वर्षी आमच्या ट्रॅक्टरचा मडगार्ड तुटला. ह्यांनी वेल्डरला घरीच बोलावलं आणि बॅटरीची वायर काढायची राहिली. मडगार्ड झाला ३०० रुपयांत, अल्टरनेटर गेला तो वेगळा. दोन दिवस लाइट का मंद म्हणून बल्ब बदलत बसलो. त्यानंतर बॅटरीची वायर मी स्वतः काढते, मग वेल्डरला चहा.

सत्तरीकर_शेत
ताई, आमच्या टिलरला बॅटरीच नाही, हँडल मारायचं.

फोंड्याची_कुळागरवाली
मग बरं. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

कृषी_माहिती
नवीन पॉवर टिलरसाठी अनुदान आहे का ते बघा. कृषी कार्ड घेऊन तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात जावे. ट्रे नर्सरी आणि लावणी यंत्राचाही विचार व्हावा, मनुष्यबळाची बचत होते.

सत्तरीकर_शेत
नवीन टिलर नकोय हो. एक स्टड काढायचा आहे. हो, स्टडच आहे, आता बघून आलो. १२ एमएम, तोंडाशी सपाट.

पेडण्याचा_झील
आतापर्यंत गेले किती?

सत्तरीकर_शेत
मेकॅनिकचे ८००. गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली पातळ पट्टी) ३५०, ते आता वायाच. ईझी-आउटचा सेट ४५०. बिट धरून दोन हजारांच्या आत-बाहेर. गॅस्केटसाठी चोर्ला घाटातून बेळगावला स्कूटरने गेलो, तो पेट्रोल वेगळा. पान्याला चार फुटांचा पाइप मेकॅनिकने लावला होता, मी नाही. मी फक्त पाइप धरला.

फिटर_म्हापसा
आता नीट वाच. पिस्टन वर ब्लॉकच्या तोंडाशी आण, बोअरला (पिस्टन फिरतो त्या नळीला) ग्रीस फास, पाण्याची भोकं ओल्या चिंध्यांनी बुजव. बिडाचा कचरा किंवा वेल्डिंगचा थेंब आत गेला तर स्टडचं दुःख विसरशील. तुटक्या तोंडावर वॉशर ठेव, त्यावर नट, आणि नटाच्या आतून वेल्ड भर. त्या उष्णतेने गंजही ढिला होतो. थोडं निवू दे, मेणबत्तीचं मेण टेकव म्हणजे आट्यांत शिरेल. मग पाना एकदा इकडे, एकदा तिकडे. जोर नाही. पहिल्यांदा वेल्ड तुटेल, दुसरा नट लाव. माझा एकदा पाचव्या नटाला आला.

डिचोलीकर_अण्णा
त्यापेक्षा कुंडई-मडकईकडे इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्पार्क मशीनवाला बघ. तुटके टॅप (आटे पाडायचं हत्यार) ठिणगीने जाळून काढतात, आट्यांना धक्का लागत नाही.

फिटर_म्हापसा
हे मात्र खरं. पण इंजिन उतरवून सुटा ब्लॉक न्यावा लागेल. आधी नट करून बघ, नाही जमलं तर स्पार्क. आटे गेलेच तर मोठं भोक पाडून आत हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवता येतो, पण पिच (दोन आट्यांतलं अंतर) आधी मोज. १.७५ चा टॅप १.२५ च्या आट्यांत घातलास तर मी या धाग्यावर येणार नाही.

कोल्हापुरी_ट्रॅक्टर
नटाला वेल्ड म्हणजे उष्णताच की. मी हेच सांगत होतो.

पेडण्याचा_झील
आमच्या आजोबांच्या वेळी बैल होते, त्यांचे स्टड तुटत नव्हते.

फोंड्याची_कुळागरवाली
बैल आजारी पडला की रात्री दोन वाजता दोतोर शोधायला आजोबाच जायचे ना?

फिटर_म्हापसा
सत्तरीकर, एक राहिलं. मुळात हेड का उघडलं?

सत्तरीकर_शेत
पाणी कमी होत होतं. सकाळी भरलं की दुपारपर्यंत दोन लिटर खाली. मेकॅनिक म्हणाला गॅस्केट गेलं.

फिटर_म्हापसा
तेल चहासारखं झालं होतं? धूर पांढरा? पाण्यात बुडबुडे?

सत्तरीकर_शेत
नाही. तेल काळंच. धूर नेहमीचा.

फिटर_म्हापसा
मग गॅस्केटचा एकही पुरावा नव्हता. बाहेरून कुठे गळतंय का ते कुणी बघितलं?

सत्तरीकर_शेत
टिलर चिखलात होता. बघणार काय?

(चार दिवसांनी)

सत्तरीकर_शेत
तिसऱ्या नटाला आला. बाहेर काढल्यावर कळलं, आट्यांत गंज नाही, नुसती माती. फिटरभाऊंनी सांगितलेलं नव्हतं, पण दोन शेजारचे स्टडही बदलले, हातात घेतल्यावर मधेच बारीक झालेले दिसले.

फिटर_म्हापसा
ताणले गेले होते. तुझा पाइप. सगळेच बदलायला हवेत. आणि भोक साफ केलंस का? तळाशी तेल राहिलं आणि वरून स्टड आवळला तर तेल दबत नाही, ब्लॉक फुटतो.

सत्तरीकर_शेत
हवेने साफ केलं. नवीन गॅस्केट, टॉर्क पाना (जोर मोजून आवळायचा) भाड्याने, तीन टप्प्यांत, समोरासमोरचे नट. इंजिन चालू झालं.

डिचोलीकर_अण्णा
पाणी?

सत्तरीकर_शेत
अजून कमी होतंय.

सत्तरीकर_शेत
टिलर धुतला. खाली पाणी सोडायचा कॉक गळत होता. पाव फेरा घट्ट केला, आता कोरडा. घरी अजून सांगितलेलं नाही.

फोंड्याची_कुळागरवाली
सांगू नका.

कृषी_माहिती
लावणी यंत्राबद्दल कुणाला माहिती हवी असल्यास विचारावे.