चीजमधले रेनेट आणि बुरशीची विकरे
चीज म्हटले की वासराच्या जठरातले, दूध साकळवणारे रेनेट आलेच, असे अनेकदा म्हटले जाते; पण ते आज सरसकट लागू पडत नाही. ऱ्हायझोम्यूकर मिहाय या बुरशीचे विकर (एन्झाइम) या उद्योगात अनेक दशके वापरात आहे; शिवाय रेनेटमधले मुख्य विकर असलेल्या वासराच्या कायमोसिनचे जनुक सूक्ष्मजीवांत घालून किण्वनाने तेच विकर तयार केले जाते आणि त्याला अमेरिकेत १९९० मध्ये मान्यता मिळाली.

या दोहोंतला फरक महत्त्वाचा आहे. केसीन या दुधातल्या प्रथिनाचे कण त्याच्याच ज्या कॅपा-केसीन या प्रकारामुळे दुधात सुटे राहतात, त्याची साखळी कायमोसिन १०५व्या आणि १०६व्या अमिनो आम्लांमध्ये नेमकी तोडते आणि कॅल्शियमच्या साहाय्याने दूध साकळते. बुरशीचे विकर मात्र इतरत्रही प्रथिने तोडत राहते, त्यामुळे महिनोन्‌महिने मुरवलेल्या चेडरला कडवटपणा येऊ शकतो. ताज्या मोझरेलाला ही अडचण फारशी जाणवत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी ही मोठी सोय आहे, असे मला मनापासून वाटते. (पनीर आम्लाने फाडतात, तेथे हा प्रश्नच नाही.) मात्र अस्सल पार्मिजानो रेज्जानो या इटालियन चीजला नियमानुसार वासराचेच रेनेट लागते, म्हणून पाकिटावरचा हिरवा ठिपका अवश्य पाहावा.