मदत हवी: पटावरच्या युद्धखेळासाठी यादवी युद्धाचा छोटा सीनारिओ (प्रसंग), निळा दर वेळी जिंकतोय

मडगावचा_फासा: रविवारी ग्रुपात खेळायला न्यायचाय, लवकर सांगा. नकाशा झाला, काउंटर (सैन्याच्या सोंगट्या) कापून झाले. पण निळ्याने तिन्ही सैन्यं एकत्र आणली की करडा खलास. करड्याची ताकद वाढवली तर विंचेस्टर पहिल्याच फटक्यात पडतं. काय बदलू? नियम चार पानांवर जायला नकोत.

डिचोलीकर: कुठलं यादवी युद्ध? रशिया, स्पेन, अमेरिका?

मडगावचा_फासा: निळा-करडा म्हटल्यावर आणखी कुठलं असणार मरे! अमेरिकेचंच, निळा उत्तरेचा, करडा दक्षिणेचा. शेनँडोआ खोरं, १८६२, करड्याचा सेनापती जॅक्सन.

फोंडा_हेक्स: नकाशा हेक्सचा (षटकोनी घरांचा) की ठिपके-रस्ते? टर्न किती दिवसांचा? जिंकायची अट काय?

मडगावचा_फासा: ठिपके-रस्ते. टर्न आठवड्याचा, कर्न्सटाउनच्या लढाईपासून पोर्ट रिपब्लिकच्या लढाईपर्यंत. शेवटी विंचेस्टर ज्याच्याकडे तो जिंकला.

फोंडा_हेक्स: गोम तिथंच आहे. जॅक्सनकडे जेमतेम १७ हजार माणसं. समोर निळ्याचे सेनापती बँक्स, फ्रेमाँट, शील्ड्स धरून ५० हजारांवर. त्याचं काम शहर राखायचं नव्हतंच, निळ्याच्याच मॅकडॉवेलला दक्षिणेच्या राजधानीकडे, रिचमंडकडे, जाऊ न देणं हे होतं. कर्न्सटाउनला हरूनही त्याने वॉशिंग्टनची झोप उडवली. तेव्हा विंचेस्टरचे गुण काढा. निळ्याचं जेवढं सैन्य खोऱ्यात गुंतेल तेवढे गुण करड्याला. २३ मेला फ्रंट रॉयलपासून सुरू, ९ जूनला पोर्ट रिपब्लिकला संपवा. दोन दिवसांचा टर्न, नऊ टर्न. दीड तासात आटोपेल.

पेडण्याचा_पेशवा: अमेरिका कशाला? संभाजी महाराजांची १६८३ ची स्वारी घ्या. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा फोंड्याला वेढा, मग जुव्याचं बेट. नकाशा दारातच आहे.

डिचोलीकर: ती यादवी नव्हे.

पेडण्याचा_पेशवा: मग राघोबादादा घ्या. बारभाई म्हणजे खेळाडूही भरपूर बसतील.

चिठ्ठीवाला: मूळ प्रश्नावर या. प्रत्येक सेनापतीची चिठ्ठी पिशवीत टाका, निघेल तो हलेल. तिघे एकत्र येणं आपोआप अवघड होतं. मी सगळ्याच खेळांत हे वापरतो.

फोंडा_हेक्स: सगळ्याच खेळांत, तेच तर! इथे अडचण नशिबाची नव्हती, तिघांचे हुकूम तारेने लांबून येत होते. निळ्याने हुकूम एक टर्न आधी लिहायचा आणि फासा टाकून तो पाळला जातो का ते बघायचं. २४ मेला लिंकनने फ्रेमाँटला हॅरिसनबर्गला जायला सांगितलं. पण तो हुकूम सोडून मूरफील्डमार्गे स्ट्रासबर्गकडे निघाला.

चिठ्ठीवाला: फासा टाकणं हे नशीब नव्हे वाटतं? धन्य हो हेक्सबाब.

म्हापशेकर: काउंटर कशावर चिकटवलेत? पावसात पुठ्ठा वाकतो. मी फ्लेक्सवाल्याकडून सनबोर्डवर छापून घेतले, अजून सपाट आहेत.

डिचोलीकर: खोऱ्याच्या मधला मॅसानटनचा डोंगर दाखवलाय ना? मधून न्यू मार्केट ते लूरे अशी एकच वाट होती.

मडगावचा_फासा: डोंगर आहे. पण घाट चार दिलेत, खेळ हलता राहावा म्हणून.

डिचोलीकर: अहो, मग निळा एकत्र येणारच! तीन पुसा. आणि करड्याला पूल जाळू द्या. लूरेजवळचे पूल जाळले म्हणून शील्ड्स नदीपलीकडेच राहिला. ९ जूनला पोर्ट रिपब्लिकचा पूल जाळला आणि फ्रेमाँट पलीकडच्या काठावर बघत बसला.

मडगावचा_फासा: घाट पुसतो, लेखी हुकूमही घेतो. चिठ्ठ्या नकोत, पिशवी कोण शिवणार. पण निळ्याने मॅकडॉवेलला खोऱ्यात पाठवलंच नाही तर करड्याला गुण कुठले?

फोंडा_हेक्स: ते निळ्याच्या मर्जीवर ठेवू नका. विंचेस्टर पडलं किंवा करडा हार्पर्स फेरीजवळ पोचला की मॅकडॉवेलचे २० हजार नकाशावर उतरलेच पाहिजेत. लिंकनने २४ मेला तेवढेच मागवले होते. नाही पाठवले तर वॉशिंग्टन उघडं पडल्याचा दंड.

चिठ्ठीवाला: दंड किती?

फोंडा_हेक्स: खेळून ठरवा. आणि निळ्याकडून एकच जण खेळणार की तिघे? हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. तिघे असतील तर एकमेकांशी बोलू देऊ नका, लेखी हुकुमांची गरजच उरणार नाही.