हॉटेलात असायलमवाले ठेवायला विरोध केला की लगेच रेसिस्ट?

धुकंवेडी
आधीच सांगून टाकते, मी स्वतः इमिग्रंट आहे, इंग्लंडात येऊन १४ वर्षं झाली, त्यामुळे झेंडे घेऊन "परत जा" ओरडणाऱ्यांची वकिली करायला हा धागा काढलेला नाही. पण मनात साचलंय ते कुठेतरी बोलायचंय आणि घरी नवऱ्याशी बोलून झालंय (तो म्हणतो तू फार डोकं लावतेस).

झालं असं की आमच्या छोट्या गावात बऱ्यापैकी असं एकच हॉटेल. मागच्या महिन्यात त्याचं बुकिंग अचानक बंद झालं. मैत्रिणीने मुलीच्या वाढदिवसाला हॉल घेतला होता, डिपॉझिट परत आलं, कारण काहीच नाही. मग एका रात्री साडेअकराला दोन बस आल्या, आणि सकाळी बघतो तर दारात सिक्युरिटीवाला उभा आणि सगळे पडदे ओढलेले. सगळे पुरुष, विशी-तिशीतले, असायलमवाले, म्हणजे इथे आश्रय मागून सरकारी निकालाची वाट बघणारे. आमच्या कौन्सिलरबाईंना फोन केला तर त्या म्हणे मलाही कालच कळलं.

माझा राग त्या मुलांवर नाहीये. कोणी विचारलं नाही यावर आहे. घरामागे एक खोली वाढवायची तर शेजाऱ्यांना पत्र जातं, हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात, आणि इथे अख्ख्या हॉटेलचं हॉस्टेल झालं तर एक चिठ्ठी नाही? लंडनजवळच्या एपिंगमध्ये बेल हॉटेलात असेच असायलमवाले ठेवले, तिथल्या कौन्सिलचं कोर्टात हेच म्हणणं होतं ना, की प्लॅनिंगची परवानगी न घेता वापर बदलला. ऑगस्ट २०२५ मध्ये १९ तारखेला हायकोर्टाने बेल हॉटेल रिकामं करायला सांगितलं आणि २९ला अपील कोर्टाने तो हुकूम उठवला. म्हणजे दहा दिवसांत गावाला हो पण आणि नाही पण.

बोलावं तर रेसिस्ट, गप्प बसावं तर मूर्ख. तुम्हाला काय वाटतं?

नाईट_शिफ्ट
ताई, मनातलं बोललात. मी जरा रोखठोक बोलतो, राग मानू नका कोणी.

आपण आलो तेव्हा काय काय केलं ते आठवा. इंग्लिशची परीक्षा, स्पॉन्सर, टीबीची टेस्ट, वर हेल्थ सरचार्ज, तो आता माणशी वर्षाला १,०३५ पौंड. नवरा-बायको पाच वर्षांचं एकदम भरायचं म्हणजे १०,३५० झाले, व्हिसाची फी वेगळी. आणि एवढं भरून व्हिसावर शिक्का काय, तर सरकारी मदतीवर तुमचा हक्क नाही. नोकरी गेली की ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा नाहीतर बॅग भरा. आणि तिकडे फ्रान्सकडून समुद्र ओलांडून होडीतून उतरला की हॉटेल. सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसनेच मे २०२५ मध्ये सांगितलंय, २०१९ ते २०२९ या दहा वर्षांच्या असायलमवाल्यांच्या निवासाच्या कंत्राटांचा खर्च आधी ४५० कोटी पौंड धरला होता, आता तो १,५३० कोटींवर जाणार. तिपटीहून जास्त! हे कोणाच्या पगारातून कापलं जातंय?

काटकोन
आकडा बरोबर आहे पण अर्धाच वाचलात. त्याच रिपोर्टात पुढे आहे की २०२४-२५ मध्ये हॉटेलात ठेवलेले लोक साधारण एक तृतीयांश आणि त्यांच्यावर जाणारा खर्च तीन चतुर्थांश. म्हणजे पैसा माणसांमुळे नाही, हॉटेलामुळे जातोय. तीन कंपन्यांकडे सगळी कंत्राटं, सर्को, मिअर्स आणि क्लिअरस्प्रिंग्ज, त्यातल्या शेवटच्या कंपनीचा मालक २०२५ मध्ये श्रीमंतांच्या यादीत अब्जाधीश म्हणून आला. आणि त्या पोराच्या हातात काय? जेवण मिळतं अशा हॉटेलात असेल तर आठवड्याला ९.९५ पौंड. दहा पौंड पण पूर्ण नाहीत. बसने दोनदा जाऊन आलात की संपले.

काम करून कमवावेत म्हणाल तर परवानगी नाही. वर्षभर निकाल लागला नाही तर अर्ज करता येतो, तोही ठरावीक यादीतल्या नोकऱ्यांसाठीच. २०२२ संपताना दीड लाखाहून जास्त माणसं निकालाची वाट बघत बसली होती. निकाल लावणारं ऑफिस तुंबलं म्हणून हॉटेलं भरली, होड्यांचं नंतर बोलू.

नाईट_शिफ्ट
होड्यांचं नंतर कशाला, आत्ताच बोलू. काम करायला दिलं की अजून येतील. साधं गणित आहे.

काटकोन
काम मिळत नाही तरी येतायतच ना? मग गणित कुठे चुकलं ते तुम्हीच सांगा.

जुनं_खोड
मी लेस्टरात १९७८ पासून आहे, म्हणजे युगांडावाल्यांच्या नंतर आलो, पण ज्यांच्याकडे भाड्याने राहिलो ते घर कंपालाहून आलेल्या गुजराती कुटुंबाचं. तेव्हा "आम्हाला विचारलं नाही" यावर थोडं सांगतो.

ऑगस्ट १९७२ मध्ये ईदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत चालते व्हा म्हणून सांगितलं. ब्रिटनमध्ये साधारण २८ हजार आले. आल्याबरोबर घरं नव्हतीच, लष्कराच्या रिकाम्या छावण्यांत ठेवले होते. आमच्या घरमालकीणबाई सांगायच्या, सफोकात पत्र्याची बरॅक होती, ऑक्टोबरची थंडी, आणि मुलांना घालायला बायकांच्या संस्थेने दिलेले जुने कोट, बाह्या हाताच्या खाली लोंबणाऱ्या. तो एक कोट त्यांनी कपाटात ठेवलेला होता, मी पाहिलाय, मरून रंगाचा, एक बटण वेगळं.

आता लेस्टरला विचारलं होतं का? लेस्टरच्या कौन्सिलने न विचारताच उत्तर दिलं. युगांडा आर्गस नावाच्या तिथल्या पेपरात पैसे भरून जाहिरात छापली, की तुमच्या भल्यासाठी सांगतो, लेस्टरला येऊ नका, इथे घरं नाहीत, शाळांत जागा नाही. सरकारनेही गावांचे लाल आणि हिरवे असे भाग पाडले, लाल म्हणजे तिथे जाऊ नका. लेस्टर लालमध्ये. लोक तरी आलेच. कारण ज्याचा मामा लेस्टरात तो लेस्टरलाच जाणार, त्याला हिरवा रंग दाखवून काय उपयोग. आज तेच लेस्टर बाहेरच्यांना बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी दाखवत फिरतं.

तेव्हा विचारून काम झालं असतं तर ते लोक आजही बरॅकीत असते, एवढंच म्हणतो. कोणतंही गाव आधी नाहीच म्हणतं.

नाईट_शिफ्ट
काका आदर आहे, पण तुलना चुकीची आहे. त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होते आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला जाता येत होतं. आत्ताचे कोण, कुठले, कागद खरे की खोटे, काही पत्ता नाही.

जुनं_खोड
पासपोर्टचं मान्य. कामाचंही मान्य, पण मग तो मुद्दा काटकोन यांच्या बाजूचा झाला, तुमच्या नाही :)

तर्री_मारके
मी उत्तरेत राहतो, नाव सांगत नाही गावाचं. तुम्ही लोक हॉटेल हॉटेल काय करताय, हॉटेल एक दिवस बंद होईल, आमच्याकडं काय चाललंय ते बघा. आमची गल्ली चाळीसारखी, घराला घर लागून, तीन बेडरूमची घरं. लंडनातल्या कुठल्या लँडलॉर्डनं दोन घरं न बघताच घेतली, हॉलमध्ये पार्टिशन टाकून सहा सहा खोल्या काढल्या आणि असायलमवाले ठेवायला कंत्राटी कंपनीला दिली. स्वस्त घरं जिथं तिथंच ही माणसं पाठवणार, १९९९ च्या कायद्यापासून हेच चाललंय, त्यांना निवडायला मिळत नाही आणि आम्हालाही नाही. श्रीमंत गावात किती पाठवली ते मोजा एकदा. मिडल्सब्रोमध्ये तर या लोकांच्या घरांचे दरवाजे लाल रंगवलेले निघाले २०१६ मध्ये, लोकांनी बरोबर तेवढीच घरं हेरून अंडी मारली, दगड मारले.

आता माझं गाऱ्हाणं ऐका, हसू नका. सहा बाप्ये आणि कचऱ्याचा डबा एकच. पंधरा दिवसांनी गाडी येणार. झाकण बसत नाही म्हणून गाडीवाला तो उचलतच नाही, मग पिशव्या बाहेर, मग उंदीर, आणि उंदीर काय असायलमचा कागद बघून घरात शिरत नाही. आमची कौन्सिल म्हणते कंपनीला सांगा, कंपनीचा फोन कोण उचलत नाही. शेवटी मीच गेलो रविवारी. दार उघडलं ते पोरगं इरिट्रियाचं, तिग्रिन्या बोलतंय, आमचं इंग्लिश त्याला कळंना. मग कॅलेंडरवर निळ्या पेनानं गोल, काळ्या पेनानं गोल, निळा डबा या दिवशी, काळा त्या दिवशी. त्यानं ते सेलोटेपनं फ्रिजवर लावलं, माझ्यासमोर. पुढच्या मंगळवारी माझाच डबा बाहेर काढायचा राहिला तर यानं दार वाजवलं.

तरी माझा विरोध आहे हं. पोरगं चांगलं आहे म्हणून एका गल्लीत तिसरं तसलं घर होऊ द्यायचं नाही.

पानगळ
तर्रीभाऊंना +१, विरोधासकट. मी लायब्ररीत शनिवारी इंग्लिश बोलायचा वर्ग घेते. घराचं गाडं खरं अडतं ते मंजुरी मिळाल्यावर, ते कोणी लिहिलंच नाही. तुम्ही निर्वासित म्हणून मान्य झालात असं पत्र आलं की पेढे वाटावेत अशी बातमी, पण त्याच पत्राने सरकारने दिलेली राहायची जागा सुटते. सोडायला २८ दिवस, मध्ये ५६ दिवसांचा प्रयोग केला. तेवढ्यात नोकरी, बँक खातं, डिपॉझिट, गॅरंटर सगळं उभं करायचं. एकटा धडधाकट पुरुष कौन्सिलच्या प्राधान्यात बसत नाही. माझ्या वर्गातला एक सुदानी, तिकडे फार्मसिस्ट होता, पत्र घेऊन नाचत आला आणि पुढच्या महिन्यात विचारत होता की लायब्ररी रात्री किती वाजता बंद होते. मला आधी कळलंच नाही का विचारतोय.

नाईट_शिफ्ट
वाईट वाटतं, खरंच. पण इंग्लंडात कौन्सिलच्या घरांच्या वेटिंग लिस्टवर १३ लाख कुटुंबं आहेत. त्यांच्यात हा कुठे बसवायचा ते सांगा. त्या रांगेतल्या गोऱ्या बाईला दोन पोरं घेऊन बी अँड बीच्या एका खोलीत राहावं लागतं, तिला कोण शनिवारी भेटायला जातं?

पानगळ
हे मात्र बरोबर आहे. उत्तर नाही माझ्याकडे. एवढंच की निकाल लागेपर्यंत असायलमवाल्यांना कौन्सिलचं घर मिळतच नाही, ती व्यवस्था वेगळी. ती बाई रांगेत आहे कारण १९८० पासून कौन्सिलची घरं विकली आणि तेवढी परत बांधली नाहीत.

धुकंवेडी
सगळं वाचतेय. काटकोन, तुमचे आकडे पटले. पण मला १३ वर्षांची मुलगी आहे. एपिंगमध्ये लोक रस्त्यावर आले ते १४ वर्षांच्या मुलीवर हात टाकल्याच्या आरोपावरून, आणि तो माणूस पुढे कोर्टात दोषी ठरला. ती भीती खोटी आहे असं मला कोणी सांगू नका.

काटकोन
खोटी नाही म्हणत. पण एकाने केलं म्हणून इमारतीतल्या सगळ्यांना धरायचं का? ४ ऑगस्ट २०२४ ला रॉदरहॅमजवळ मॅनव्हर्सच्या हॉटेलवर जमाव चालून गेला, आत माणसं असताना दाराशी आग लावली. आणि निमित्त साउथपोर्टच्या तीन मुलींच्या खुनाचं, ज्याचा होडीतून आलेल्यांशी काडीचा संबंध नव्हता, मारेकरी कार्डिफमध्ये जन्मलेला. त्या आठवड्यात माझी बायको ऑफिसला गेली नाही. तुम्ही गेला होतात?

धुकंवेडी
नाही. मुलीलाही कुठे पाठवलं नाही.

तर्री_मारके
आम्ही पण शटर ओढून बसलो होतो. त्या दंगेखोरांना कोण व्हिसावाला आणि कोण होडीवाला ते कळत नाही, दोघंही काळेच दिसतो.

नाईट_शिफ्ट
म्हणूनच तर म्हणतो ना, यांच्यामुळे आपण अडचणीत येतो.

जुनं_खोड
हेच वाक्य आमच्या घरमालकीणबाई नंतर आलेल्या बांगलादेशींबद्दल म्हणायच्या. सोडा.

धुकंवेडी
अपडेट. कौन्सिलने गुरुवारी संध्याकाळी ७ ला सभा ठेवली आहे, हॉटेल होऊन पाच आठवडे झाल्यावर! मी जाणार आणि विचारणार की आधी का सांगितलं नाही, आणि हॉटेलातल्यांची जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नावं घातलीत का, कारण आमच्याकडे आधीच अपॉइंटमेंट मिळत नाही. बाहेर झेंडेवाले असतील म्हणून नवरा म्हणतो जाऊ नकोस. मीटिंगमध्ये माझ्या उच्चारात विरोध केला तर लोक माझ्याकडेच बघणार हे मला माहीत आहे.

तर्री_मारके
जा हो. आणि डब्यांचं विचारा, किती माणसांमागं किती डबे. त्याला कोण रेसिस्ट म्हणत नाही.