मदत हवी आहे : रबरी बेडकावर मरळ झेपावते, मग रोहू का नाही?

इंदूर-महू भागातील तलावांवर आम्ही परवानगी घेऊन गळ टाकतो. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट ही मासेमारीबंदी असते आणि ती उठते तेव्हा पाणी फार गढूळ असते. तरीही कमळाच्या पानांवरून रबरी बेडूक सरकवत आणला की मरळ पाणी फोडून त्याच्यावर झेपावते. त्याच काठावरचे रोहू आणि कटला मात्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना कणकेचा गोळाच लागतो.

या बेडकाला ना वास, ना चव. पोट पोकळ, गळाची दोन्ही टोके पाठीला टेकलेली आणि पायांच्या जागी रबरी झालर. पानाच्या कडेवरून उतरून तो क्षणभर थांबतो, तेव्हाच बहुतेक वेळा झडप पडते. माशांना पार्श्वरेषेमुळे, म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनशील रेषेमुळे, पाण्यातील हालचाल कळते, असे वाचले आहे. पण मग हालचाल थांबल्यावर हल्ला का व्हावा? आणि तो भुकेपोटी होतो की रागाने? भाच्याला हे सारे नीट समजावून सांगायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

पार्श्वरेषेतील केसांसारख्या सूक्ष्म पेशी जवळच्या पाण्याची हालचाल टिपतात, त्यामुळे गढूळ पाण्यातही मरळ बेडकाच्या मागावर येते. अगदी जवळ आल्यावर डोळेही कामी येतात. खालून पाहताना उजळ आकाशावर बेडकाची काळी आकृती उठून दिसते, त्यामुळे रंगाला मी फारसे महत्त्व देत नाही. मरळ दबा धरून शिकार करते आणि थांबलेल्या भक्ष्यावर नेम धरणे तिला सोपे जाते. रोहूचे अन्न मुख्यतः वनस्पतिजन्य आहे आणि कटला प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) गाळून खातो. पळत्या भक्ष्याचा पाठलाग करण्याची त्यांना गरजच पडत नाही. कणकेकडे ते वासाने आणि चवीने ओढले जातात.

भूक असतेच, पण पावसाळ्यात मरळीची जोडी पिले राखते आणि जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडते. पृष्ठभागाशी लालसर पिलांचा थवा दिसला, तर तेथे गळ टाकू नये, ही कळकळीची विनंती. राखण करणारा मासा काढला की ती पिले इतर माशांच्या तोंडी जातात. इतरत्र झडप पडली, तर लगेच झटका न देता मरळ बेडूक घेऊन खाली जाईपर्यंत थांबण्यास भाच्याला सांगावे.