पुस्तक भिशी : दुसऱ्या महिन्याचं पुस्तक आणि काही ठरवायच्या गोष्टी

ए-३०२ : सोसायटीच्या ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. काल गच्चीवर पुस्तक भिशीची पहिली बैठक झाली. नऊ जण आलो. ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते. मेसेज लांब आहे, सवडीने वाचा.

पुस्तक होतं व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. १९५५ सालचं, अगदी छोटं. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळेत रुजू होतो, तिथून सुरू होतं. आणि शेवटी दुष्काळात वाडीच रिकामी होते. आपल्या सोलापूर जिल्ह्यातला सांगोला तालुका माणदेशातलाच, त्यामुळे बी-१०१ काकांना त्यातलं माळरान ओळखीचं निघालं. काका, तुम्ही काल बोललात ते इथे लिहा ना. नाहीतर मी लिहीन, पण तुमच्यासारखं येणार नाही.

बी-१०१ : मला एवढं टायपिंग जमत नाही ताई. थोडक्यात सांगतो. माझे आजोबा सांगोल्याकडचे. मेंढरं होती. दुष्काळात मेंढरं विकली आणि सोलापुरात गिरणीत लागले. मी पुढे यंत्रमागावर तीस वर्षं काढली. वाडी मोकळी होते ते पान वाचलं तेव्हा वाटलं, आजोबा असेच निघाले असतील. ते कधी बोलले नाहीत आणि आम्ही पण कधी विचारलं नाही.

ए-४०२ : काकांनी ते पान मोठ्याने वाचलं तेव्हा ओळीखाली बोट धरून वाचत होते. मध्ये थांबले. कोणी काही बोललं नाही. मी कॉलेजमध्ये पुस्तकावर तासभर लेक्चर ऐकते, पण असं कधी झालं नाही.

ए-१०४ : मी कामावरून आठला येतो, त्यामुळे चुकलं. पुस्तकही अर्धंच झालं होतं. खरं सांगायचं तर अर्धं वाचून कसं यायचं म्हणून पण आलो नाही.

ए-३०२ : दादा, नेमकं हेच मला लिहायचं होतं, बरं झालं तुम्ही बोललात.

आठ वर्षांपूर्वी आम्ही मैत्रिणींनी असाच ग्रुप सुरू केला होता. अकरा जणी. पहिल्या महिन्याला अकराच्या अकरा, चौथ्या महिन्याला तीन. पाचवा महिना आलाच नाही. तेव्हा वाटलं, बायकांना वेळ नसतो, संपलं. पण नंतर एकेकीला भेटून विचारलं तेव्हा कळलं. वेळेचं कारण दोघींनीच सांगितलं. बाकीच्यांनी सांगितलं ते हेच, पुस्तक पूर्ण झालं नव्हतं, मग तोंड कसं दाखवायचं? एकदा चुकलं की दुसऱ्या वेळी आणखी अवघड वाटायचं. आम्ही निवडलेली पुस्तकंही चारशे-पाचशे पानांची. ज्या दोघींचं वाचन दांडगं होतं त्याच बोलायच्या (एक मी होते, हे कबूल करते) आणि बाकीच्या ऐकायच्या. शिवाय खाण्याचं. पहिलीने शेंगापोळी केली, दुसरीने त्याच्या वरचढ काहीतरी केलं, तिसरी दडपणाखाली आली. ज्या घरी पाळी असेल तिचा सगळा रविवार स्वयंपाकघरात जायचा.

म्हणून या वेळी माझा एकच आग्रह आहे. पुस्तक अर्धं झालेलं असो, दहा पानं झालेली असोत, माणसाने यायचं. प्रत्येकाने एक पान निवडून आणायचं, जिथे आपण थबकलो ते, आणि मोठ्याने वाचायचं. का थबकलो ते सांगता आलं तर सांगायचं, नाही आलं तरी चालेल. दहा पानं वाचणाऱ्यालाही एक पान मिळतंच. आणि ज्याने पूर्ण वाचलंय त्याने शेवट आधीच सांगून टाकायचा नाही, एवढं पथ्य पाळायचं.

बी-२०३ : काल त्याचा अनुभव आला. शेकूच्या बायकोचं पान मी आणलं होतं आणि ए-२०४ च्या वहिनींनी पण तेच. बैल मिळत नाही म्हणून ती दुसऱ्या बैलाबरोबर स्वतःच्या खांद्यावर जू घेते, ते. मला वाटलं केवढी ताकदीची बाई. वहिनींना रागच आला होता.

ए-२०४ : आला होता आणि अजून आहे. तिच्या ताकदीचं कौतुक करून आपण मोकळे होतो. तिला जू घ्यावं लागलं हे कोणी बोलायचं? पण एक सांगते, लेखकाने तिथे रडारड केलेली नाही, नुसतं दाखवलंय. म्हणून तर आपण दोघी दोन्हीकडून भांडू शकलो.

बी-२०३ : हो की ओ वहिनी. रात्री परत वाचलं मी ते पान. तुमचं पण पटलं, माझं पण सोडवत नाही.

ए-१०४ : हे वाचूनच यावंसं वाटतंय. पुढच्या पुस्तकाची पीडीएफ मिळाली तर इथेच टाकू का? सगळ्यांची सोय होईल. 'बनगरवाडी'ची पण कोणीतरी पाठवली होती मला.

ए-३०२ : 'बनगरवाडी'ची नका टाकू दादा. माडगूळकर २००१ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. मराठी पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती संपायलासुद्धा किती काळ लागतो ते दुकानदाराला विचारा. आपण वाचणारेच फुकट फिरवायला लागलो तर छापणाऱ्याने काय करायचं? ज्यांना जाऊन ६० वर्षं उलटली त्यांचं मात्र सगळं खुलं आहे. साने गुरुजी १९५० साली गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली. त्यांचं खुशाल मोबाईलवर वाचा, कोणाचं काही बुडत नाही.

म्हणून तर भिशी ठेवली आहे. दर महिन्याला माणशी १०० रुपये. अकरा घरं म्हणजे ११०० रुपये, त्यात चार-पाच प्रती येतात. प्रत्येक प्रत दोन-तीन घरांत फिरते, एका घरी दहा दिवस. वाचून झालं की जिन्याखालच्या कपाटात. वर्षभरात सोसायटीचं स्वतःचं कपाट भरेल. चिठ्ठी ज्याच्या नावाची निघेल त्याने पुढचं पुस्तक निवडायचं. ज्याचं नाव एकदा निघालं त्याची चिठ्ठी वर्षभर डब्यात टाकायची नाही, आपल्या नेहमीच्या भिशीसारखंच.

ए-२०१ : सेक्रेटरी म्हणून दोन गोष्टी. जिन्याखालचं कपाट वापरायला माझी हरकत नाही, पण तिथे ओल येते, खालचा कप्पा रिकामा ठेवा. दुसरं, तारीख पक्की करू नका. ज्या रविवारी नळाला पाणी येईल त्या दिवशी मी टाकी आणि मोटर सोडून वर येऊ शकत नाही, आणि निम्म्या घरांत पण तीच धावपळ असते. पाण्याचा दिवस बघून शनिवार की रविवार ते ठरवा. आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आहे. अक्षता, होम, शोभेचं दारूकाम, त्या आठवड्यात सोलापुरात कोणी गच्चीवर पुस्तक घेऊन बसणार नाही. जानेवारीची बैठक शेवटच्या आठवड्यात ठेवा.

ए-३०२ : हे दोन्ही मान्य. उन्हाळ्यात सातच्या आधी गच्ची तापलेली असते हेही लक्षात ठेवू, तेव्हा आठ वाजता बसू. म्हणजे ए-१०४ दादांचीही सोय होईल.

खायला फक्त चहा आणि कडक भाकरी-शेंगाचटणी, दर वेळी तेच, कोणी काही वेगळं करायचं नाही. कोणाला राग आला तरी चालेल, मी यावर ठाम आहे.

बी-१०१ : भाकरी-चटणीवर कोण रागवंल ताई.

ए-३०२ : आता पुढचं पुस्तक. काल चिठ्ठी बी-२०३ ची निघाली. ताई, ठरलं का?

बी-२०३ : ठरलंय, पण आधी एक अडचण सांगते. आमच्या घरी तेलुगू. शाळा मराठीतून झाली, पण जड मराठी आलं की मी अडखळते. काल पण वाचताना दोन शब्द चुकले. तुम्ही कोणी हसला नाहीत म्हणून पुढं वाचलं.

मला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्यायचंय. त्या लग्नानंतर नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकल्या असं मी ऐकलं होतं, तेव्हापासून मनात आहे. माझी आई विड्या वळायची. मी पाचवीत असताना तिने माझ्या पाटीवर अक्षरं गिरवली. एका हाताला तंबाखू लागलेली, दुसऱ्या हाताने पेन्सिल. रेशनच्या दुकानात अंगठ्याऐवजी सही केली त्या दिवशी घरी येऊन आम्हाला कोऱ्या कागदावर परत करून दाखवली. तेवढीच सही, पुढं काही वाचलं नाही तिनं. म्हणून हे पुस्तक.

ए-२०४ : घ्याच.

ए-४०२ : काकू, मी थोडं वाचलंय त्यातलं. भाषा अजिबात जड नाही, माजघरात बसून कोणी सांगावं तशी आहे. तुम्हाला आमच्यापेक्षा सोपं जाईल. पण पुस्तक जाडजूड आहे हं.

ए-३०२ : ते मूळ चार भागांत आलं होतं. आपण या महिन्यात फक्त पहिला भाग घेऊ. पुढचे ज्यांना वाचायचे ते वाचतील. जाड पुस्तक पूर्ण करायच्या हट्टापायी माझा आधीचा ग्रुप गेला, ती चूक परत नको. आणि हे खुलं आहे, त्यामुळे ज्यांना मोबाईलवर चालतं त्यांनी तसं वाचावं. छापील प्रती तीनच घेऊ, राहिलेले पैसे पुढच्या महिन्याला.

बी-१०१ : मी हिराचंद नेमचंद वाचनालयाचा सभासद आहे. तिथे एक प्रत मिळते का उद्या बघून येतो. मला मोबाईलवर डोळ्याला त्रास होतो.

ए-१०४ : माझे १०० रुपये कोणाकडे द्यायचे? मला मोबाईलवर चालेल, प्रत दुसऱ्याला द्या. आणि मी येतोय, कितीही पानं झाली तरी.

ए-२०१ : पैसे ए-४०२ कडे द्या, तिने वही केली आहे. गच्चीची किल्ली माझ्याकडे आहे, साडेसातला उघडून ठेवतो.

ए-३०२ : प्रती आल्या की पहिली कोणाच्या घरी देऊ?

बी-२०३ : आमच्याकडे द्या ताई. आई पुढच्या आठवड्यात यायची आहे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. डोळ्यावर पट्टी असेपर्यंत मी वाचून दाखवीन. मराठी तिला सगळं कळतं. आणि बैठकीला तिला वर घेऊन आले तर चालेल ना?

बी-१०१ : आणा की ओ. पाठ टेकायची खुर्ची मी वर नेऊन ठेवतो.