लग्नसराईआधी नवा पीसी घेऊ की नवे प्रोसेसर येईपर्यंत थांबू?

अल्बमताई_अमळनेर

मी घरी बसून लग्नाचे अल्बम डिझाइन करते. आसपासचे पाच-सहा फोटोग्राफर पेनड्राइव्ह आणून टाकतात, शीटमागे मला पन्नास रुपये मिळतात. गेल्या वर्षी धाकट्या दिरांनी व्हिडिओ शूटिंग सुरू केलं, तेव्हापासून त्याचं मिक्सिंगही (म्हणजे एडिटिंग) माझ्याच गळ्यात आलंय.

मशीन २०१५ चं आहे. इंटेलचा आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, डीडीआर३ रॅम ८ जीबी (४-४ च्या दोन), १ टीबी हार्ड डिस्क. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड नंतर टाकलं. विंडोज १०.

त्रास असा की १२ बाय ३६ चं शीट सेव्ह करायला दिलं की पट्टी चाळीस टक्क्यांवर जाऊन बसते. तेवढ्यात मी कुकर लावून येते. परवा तिसरी शिट्टी झाली तरी बाईसाहेब तिथेच! व्हिडिओचं तर विचारूच नका. दिरांच्या नव्या सोनी कॅमेऱ्याची क्लिप टाइमलाइनवर टाकली की नवरी एक पाऊल टाकते आणि थांबते, परत एक पाऊल टाकते आणि थांबते. गेल्या महिन्यात एका हळदीचा व्हिडिओ रात्री रेंडरला (अंतिम फाइल बनवायला) लावून झोपले. सकाळी बघते तर मशीन बंद. रात्री उठून पाहिलं होतं तेव्हा ९२ टक्के झालं होतं. लाइट गेली होती, आणि यूपीएसची बॅटरी मरून दोन वर्षं झालीत.

जळगावच्या एका दुकानातून कोटेशन घेतलं: आय५-१२४००एफ, बी७६० बोर्ड, ३२ जीबी डीडीआर५, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी (न फिरणारी वेगवान डिस्क), कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). ग्राफिक्स कार्ड माझंच जुनं. एकूण ७२ हजार. त्यातले ३१ हजार नुसत्या रॅमचे! ह्याच माणसाने गणपतीत हीच रॅम नऊ हजार सांगितली होती. मी म्हटलं, भाऊ, शेजारी सोन्याची पेढी आहे म्हणून तुम्हीही तोळ्यावर विकायला लागले का? तो हसला, पण भाव काही उतरवला नाही.

४० शीटचा एक अल्बम म्हणजे मला दोन हजार. म्हणजे हे मशीन ३६ अल्बमचं झालं. एवढं काम आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सीझनमध्ये होतं, पण मग सीझनभर मी त्या दुकानदारासाठीच राबायचं.

भाचा म्हणतो, मामी थांब, वर्षाअखेरीस नवे प्रोसेसर येताहेत. माझा आंडोर (मुलगा) म्हणतो, विंडोज १० बंद पडलं, आता थांबूच नको. आणि यंदा, २०२६ मध्ये, १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ, त्यात मुहूर्त नाहीत. सगळी लग्नं त्याच्या आधी कोंबली आहेत. माझ्या हातात फार तर दीड महिना आहे.

घेऊ की थांबू? थांबायचं तर कशासाठी आणि कधीपर्यंत, तेही सांगा.

गिरणाकाठ_गेमर

ताई, भाच्याचं बरोबर आहे. इंटेलचा नोव्हा लेक प्रोसेसर २०२६ च्या अखेरीस येतोय, कंपनीने स्वतः सांगितलंय. १२४०० जानेवारी २०२२ चा आहे. चार वर्षं जुन्या मालाला ७२ हजार कोण देतं? शिवाय त्याच्या एलजीए१७०० सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) शेवट १४ व्या पिढीतच झाला, ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलने एलजीए१८५१ आणलं. त्या बोर्डावर पुढे काही चढणार नाही. घ्यायचंच तर एएमडीचा एएम५ घ्या, ते सॉकेट निदान २०२७ पर्यंत चालवू असं त्यांनी कबूल केलंय. माझा सल्ला, डिसेंबरपर्यंत थांबा.

बेंचवाला_भुसावळ

ताई, वीस वर्षं दुरुस्तीच्या टेबलावर बसतोय, म्हणून आधी एक काम सांगतो, मग घ्यायचं की थांबायचं ते बोलू. अल्बम सेव्ह करताना विंडोजमधला टास्क मॅनेजर (कशावर किती भार ते दाखवतो) उघडा आणि सीपीयू, मेमरी, डिस्क हे तीन आकडे इथे लिहा. मग व्हिडिओ चालवून तेच परत बघा. सांधा दुखतोय की पोट, ते कळल्याशिवाय गोळी कशी देऊ?

तोवर दुकानदाराला शिव्या घालू नका. रॅम त्याच्या घरी बनत नाही. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, जगातली बहुतेक रॅम ह्या तिघांची. त्यांनी आपला माल एआयच्या सर्व्हरांकडे वळवला, तिकडे पैसा जास्त. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर क्रुशियल हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नवा प्रोसेसर आला म्हणून रॅम स्वस्त होणार नाही. त्यालाही डीडीआर५च लागणार.

गिरणाकाठ, तुझं वय किती रे? २०२० च्या शेवटी माझ्याकडे एक गिऱ्हाईक असंच थांबलं होतं, नवं ग्राफिक्स कार्ड येऊन जुनं स्वस्त होईल म्हणून. २०२१ उजाडलं, चिपांचा तुटवडा आणि कार्डांवर आभासी नाणी काढणारे बिटकॉइनवाले... (खरं तर इथरियमवाले, पण आमच्याकडे सगळे बिटकॉइनच म्हणतात) कार्डं दुप्पट झाली. तो अजून बाजारात भेटला की तोंड फिरवतो.

विंडोज १० चं भय बाळगू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला मुख्य सपोर्ट संपला हे खरं, पण सुरक्षेचे जादा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक असते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसेही पडत नाहीत. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते, तुमची चौथी. तो नाद सोडा.

अल्बमताई_अमळनेर

दादा, सांगितल्याप्रमाणे केलं.

शीट सेव्ह करताना: सीपीयू ३० च्या आसपास, मेमरी ९४, डिस्क १००. डिस्कचा आकडा लाल होऊन चिकटूनच बसला.

व्हिडिओ चालवताना: सीपीयू १००, मेमरी ८८, डिस्क १५-२०.

म्हणजे इतके दिवस मी प्रोसेसरला शिव्या देत होते आणि अल्बमच्या वेळी तो बिचारा बसूनच होता की!

बेंचवाला_भुसावळ

बघा, दोन दुखणी निघाली.

अल्बमचा हिशेब कागदावर करा. १२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआय, म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल. पिक्सेलला तीन बाइट. नुसतं कोरं, एका लेयरचं शीटच एकशे दहा-पंधरा एमबीचं. त्यावर तुमचे फोटो, मास्क, फुलांच्या कमानी, सोनेरी फ्रेमा, आणि हिस्टरीतले मागचे टप्पे. ८ जीबी तिथेच संपते. मग फोटोशॉप उरलेलं हार्ड डिस्कवर लिहायला लागतं, तिलाच स्क्रॅच डिस्क म्हणतात. फिरत्या डिस्कचा वेग चांगल्या दिवसात सेकंदाला शे-दीडशे एमबी. साध्या सॅटा (केबलने जुळणाऱ्या) एसएसडीचा पाचशेच्या वर. फुटकळ वाचन-लेखनात तर ह्याहून कितीतरी मोठा फरक.

तर ५०० जीबीची सॅटा एसएसडी घ्या आणि ८-८ च्या दोन डीडीआर३ घ्या, जुन्या चालतील. एच८१ बोर्डाला दोनच खाचा आणि १६ जीबीच जास्तीत जास्त, त्यामुळे तुमच्या ४-४ काढाव्या लागतील. एसएसडी जोडताना एक काळजी: ह्या बोर्डावर चार सॅटा पोर्ट असतात, त्यातले दोनच ६ गिगाबिटचे. बोर्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं दिसेल. चुकून ३ वाल्यात घातली तर अर्धा वेग गेला. जुन्या डिस्कची नक्कल एसएसडीवर घ्या, फोटो हार्ड डिस्कवरच राहू द्या, आणि फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये स्क्रॅच डिस्क म्हणून एसएसडी निवडा. हे शेवटचं लोक विसरतात आणि मग मलाच फोन करतात.

कॅबिनेट उघडलंच आहे तर प्रोसेसरवरचा पंखा काढून खालची पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) बदला. दहा वर्षांची पेस्ट म्हणजे वाळलेला चुना. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि आपला एप्रिल तुम्हाला सांगायला नको.

व्हिडिओचं आपल्या धुळ्याच्या पांझराकाठच्या मिक्सरना विचारा, ते माझं शेत नाही.

पांझराकाठचा_मिक्सर

ताई, वाट दखीसन काय करशी, पण आते नही लेवानं. (म्हणजे वाट पाहून काय करणार, पण आत्ता घ्यायचं नाही. आमच्या घरी अहिराणीच, सवय जात नाही.)

चौदा वर्षं मिक्सिंग करतोय. तुमचे दीर कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एचएस (सोनीचा एचईव्हीसी फाइलचा प्रकार) आणि ४:२:२ १०-बिटवर (४:२:० पेक्षा रंगाची माहिती जास्त) शूट करत असणार, पैज लावतो. यूट्यूबवर कुणीतरी सांगितलेलं असतं, रंग चांगले येतात म्हणून. येतातही. पण ती घट्ट दाबलेली एचईव्हीसी फाइल उलगडणं सोपं नाही. तुमचं १०५० टीआय कार्ड ४:२:० वालं १०-बिट हार्डवेअरवर उलगडतं, ४:२:२ नाही. मग सगळा भार प्रोसेसरवर, आणि चार कोरांचा प्रोसेसर किती ओढणार? नवरी पाऊल टाकून थांबते ती त्यामुळे.

कॅमेऱ्याच्या मेन्यूत जाऊन ४:२:० १०-बिट करायला सांगा. खर्च शून्य. हळदीचा पिवळा कुणालाही वेगळा दिसणार नाही. आणि आधी शूट झालेलं जे पडलंय त्याच्या प्रीमियरमध्ये (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) प्रॉक्सी, म्हणजे हलक्या प्रती, बनवा, रात्री लावून द्या.

आता तुमच्या कोटेशनचं. १२४००एफ लिहिलंय ना? त्या एफने तुमचा घात झाला असता. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, आणि इंटेलचं क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारा भाग) त्या ग्राफिक्सातच असतं. अकराव्या पिढीपासूनचं क्विक सिंक ४:२:२ १०-बिट एचईव्हीसी हार्डवेअरवर उलगडतं. हजार-दोन हजार वाचवायला दुकानदाराने एफ टाकला, गेमवाल्याला तो चालतो, मिक्सिंगवाल्याला नाही. एनव्हिडियाने ही सोय आरटीएक्स ५० मालिकेत दिली, म्हणजे एफ घेऊन तुमचं जुनंच कार्ड लावलं असतं तर ७२ हजार घालूनही नवरी बरीचशी अडखळलीच असती.

जेव्हा केव्हा घ्याल तेव्हा साधा १२४०० किंवा १४४००, आणि बोर्ड डीडीआर४ वाला विचारा, एलजीए१७०० मध्ये दोन्ही प्रकार मिळतात. डीडीआर४ ही महागलीय, पण ओळखीच्याकडे वापरलेली मिळून जाते.

गिरणाकाठ_गेमर

एफचं लक्षात नव्हतं आलं. मी स्वतः रायझेन ५ ५६०० वापरतो, त्यालाही आतलं ग्राफिक्स नाही, कधी अडलं नाही. पण मी कुठे लग्न मिक्स करतो.

तरी सॉकेटचा मुद्दा मी सोडत नाही.

पांझराकाठचा_मिक्सर

सोडू नको भो. पण ताईंनी दहा वर्षांत एकदा तरी सॉकेटमधला प्रोसेसर बदललाय का? मीही नाही. आपण एक बोर्ड घेतो आणि तो मरेपर्यंत वापरतो.

अल्बमताई_अमळनेर

उशिरा कळवतेय, कामात होते.

एसएसडी पाच हजार दोनशेला पडली, जुन्या दोन रॅम अठ्ठावीसशेला. म्हणजे आठ हजार, चार अल्बम. रॅमसाठी पॅसेंजरने जळगावला जावं लागलं, आमच्या चौकातल्या दुकानात डीडीआर३ नव्हतीच. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा धंदा म्हणून विप्रो सुरू झाली, त्या गावातून मी दोन रॅमसाठी गाडी पकडते, ह्याचं आमच्या सासऱ्यांना फार हसू आलं.

पेस्ट आंडोरने बदलली. खरंच वाळलेला चुनाच निघाला, वर पंख्याच्या पात्यांत कापसाचा एवढा बोळा. पहिल्यांदा मशीन चालूच होईना, तीन वेळा बीप. रक्त आटलं माझं. एक रॅम नीट बसली नव्हती, खाचेच्या कडेचा चिमटा लागला नव्हता. टक् आवाज आला तेव्हा जीवात जीव आला.

तेच शीट, तेच लेयर, आता सेव्ह होतं कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत. डिस्क १०० ला जाते पण लगेच खाली येते.

दीर आधी तोंड वाकडं करून बसले. "वहिनी, क्वालिटी जाईल." मग एका साखरपुड्यात दोन्ही सेटिंगवर तोच शॉट घेतला आणि सासूबाईंना टीव्हीवर दाखवला. त्यांनी दोन्ही वेळा फक्त नवरीच्या काठाची साडी पाहिली आणि भाव विचारला. सेटिंग बदललंय. ४के टाइमलाइन लोण्यासारखी नाही, पण नवरी चालते.

मोठं मशीन अधिक महिन्यात बघेन, तेव्हा फोटोग्राफरांकडून पैसेही वसूल झालेले असतील. कोटेशन देणाऱ्याला फोन करून एफ नको म्हटलं, तर म्हणाला, "ताई, तुम्हाला कुणी सांगितलं?"

यूपीएसची बॅटरी उद्या आणते. ही पोस्ट दुसऱ्यांदा टाइप करतेय. पहिल्यांदा पाठवणार तेवढ्यात लाइट गेली.